शेंडा दिसेपर्यंत

झाड मोजायची हौशीरामची रीत पहिल्यांदा बघणाऱ्याला हसू आवरत नसे. लेंगा-टोपीतला हा पोक्त गडी झाडाकडं पाठ करून चालत सुटायचा, मधेच थांबायचा, पाय फाकून कमरेत वाकायचा आणि हातांनी स्वतःचे घोटे धरून दोन पायांमधून मागं झाडाकडं बघायचा. शेंडा दिसला नाही की सरळ व्हायचा, आणखी पुढं जायचा, पुन्हा वाकायचा. बायका तोंडाला पदर लावायच्या. पोरं मागं उभी राहून त्याची नक्कल करायची. हौशीरामला त्याचं काही वाटत नसे. जिथं पायांच्या फटीत उलटं आभाळ आणि त्यात झाडाचा शेंडा दिसे, तिथं तो टाचेनं मातीत रेघ मारी आणि म्हणे, "हितवर यील."

आणि झाड तिथवरच यायचं. पारगावला एकदा त्यानं रेघेवर टोपी ठेवून चिंच पाडली आणि शेंड्याच्या पाल्यानं टोपी झाकली. ही गोष्ट तो इतक्यांदा सांगायचा, की त्याची बायको बायडाबाई भाकरी थापता थापता पुढचं वाक्य आधीच बोलून मोकळी व्हायची.

महाळुंगे पडवळात त्यांचं घर होतं, थोडी कोरडवाहू जमीन होती, पण घराचं खरं पोट झाडं पाडण्यावर चाले. कुणाच्या भिंतीवर फांदी आली, कुणाला घर बांधायला जागा मोकळी करायची असली, की हौशीरामला बोलावणं यायचं. माप त्याचं. चढणं त्याच्या पोराचं, गोरखचं. पाडलेल्या झाडाच्या डहाळ्या तोडून मोळ्या बांधायचं काम बायडाबाईचं आणि सून अश्विनीचं. असं सगळं घरच एका झाडाभोवती लागायचं, आणि गोरखची पोरगी आरोही पाल्यात खेळत बसायची.

माघात एक ओंडका टेम्पोत चढवताना हौशीरामच्या कंबरेत उसण भरली. चार दिवस पडून राहिला आणि उठला. निदान उठला असं त्यानं सगळ्यांना सांगितलं. तेव्हापासून त्याच्या पायाची नखं बायडाबाई काढायची. खाली पडलेली तंबाखूची पुडी तो आरोहीला उचलायला लावायचा आणि वर, "आज्ज्याचं काम केलं, शाणी ग माझी," असं म्हणून आपलं अडलेपण तिच्या कौतुकात खपवायचा. अश्विनी त्याच्या चपला पायानंच सरळ करून उंबऱ्यापाशी लावायची. तिनं हे कुणाला बोलून दाखवलं नाही. सुनेला कळलेलं असणं हौशीरामला फार लागायचं.

"आवं, गोरखला सांगा की कंबर धरलीय म्हून," बायडाबाई नखं काढता काढता म्हणाली.

"धरलीय कुठं? जरा आखडलीय. उन्हाळ्यात सुटंल."

"उन्हाळा सरत आला."

"तू तुझं नख काढ. मांस काढू नगंस."

बायडाबाईनं दुसऱ्या पायाची नखं काढायला घेतली. या घरात बाई एकदा बोलायची, दुसऱ्यांदा बोलायची नाही.

वैशाख अर्धा झाला आणि वळवाचा वारा सुरू झाला. एका संध्याकाळी निरगुडसरच्या संपतच्या बांधावरच्या नीलगिरीची भलीमोठी फांदी तुटून त्याच्या कांदा साठवायच्या बराखीवर पडली. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याचा फोन आला.

"हौशीरामभाऊ, ती नीलगिरी काढायचीच आता. पावसाळ्याच्या आत. रात्री डोळ्याला डोळा लागंना राव."

नीलगिरी संपतच्या बापानं लावलेली. सरळसोट, बुंध्याला दोन माणसांची कव पुरायची नाही, साल सोलून खाली लोंबत राहिलेली. एका अंगाला संपतचं नवं स्लॅबचं घर, दुसऱ्या अंगाला बराख, तिसऱ्या अंगाला विजेच्या तारा. चौथ्या अंगाला पडीक वावर आणि वावराच्या टोकाला कुशाबाईचं कौलारू घर. म्हातारी एकटी, दोन शेरडं आणि ती. झाडाचा कलही तिच्याच बाजूला. म्हणजे पाडायचं तर तिकडंच पाडायला हवं होतं. प्रश्न एकच होता. झाड कुशाबाईच्या भिंतीपर्यंत पोचतं का?

पोचत नसेल तर बुंध्याला कटर लावायचा, दोर ओढायचा, दुपारच्या जेवणाला काम मोकळं. पोचत असेल तर आधी कुणीतरी वर चढून शेंडा उतरवायचा. आणि नीलगिरीवर चढणं कुणालाच आवडत नाही. साल हातात येते. फांदी मोडायच्या आधी आवाज देत नाही. बाभूळ करकरते, चिंच कण्हते, माणसाला सावरायला वेळ देते. नीलगिरी माणसाला काहीच कळू देत नाही.

ठरल्या दिवशी हौशीराम घरच्यांना घेऊन आला. बघायला सगळे जमले. संपत, त्याचे दोघे चुलतभाऊ, रस्त्यानं जाणारे येणारे, आणि घराच्या ओट्यावर पदर सावरत कुशाबाई. हौशीराम झाडाकडं पाठ करून चालू लागला. वावराच्या मध्यावर थांबला. पाय फाकले. श्वास धरून वाकला.

कंबरेत सुरी फिरल्यासारखं झालं. हात घोट्यांकडं निघाले ते गुडघ्यांवरच टेकले. पायांच्या फटीतून त्याला बुंधा दिसला, खोड दोन फांद्यांत फुटायचं ते पहिलं दुबेळकं दिसलं. शेंडा दिसला नाही.

तो सरळ झाला, पुढं गेला, पुन्हा वाकला. शेंडा नाही. कुशाबाईच्या भिंतीला टेकून वाकला, तरीही नाही. चुलतभावांपैकी एकजण हसला. हौशीराम घराच्या कडेच्या बोळातून मागं गेला आणि शेरडांच्या गोठ्यापाशी वाकला. तेव्हा कुठं घराच्या कडेनं, तिरपा, नीलगिरीचा शेंडा त्याच्या पायांत उतरला. शेरडांनी तुडवलेली जमीन टणक होती, टाचेनं रेघ उमटेना. त्यानं आरोहीला हाक मारून तिच्याकडून तिथं एक धोंडा ठेवून घेतला.

"हितवर यील," तो म्हणाला.

"आगं बया," कुशाबाई ओट्यावरच खाली बसली. "म्हंजी माझं घर मधीच की."

"म्हणून तर मोजतुया, मावशी. घाबरू नगा. शेंडा काढू आधी."

गोरख तोवर दुसऱ्या बाजूला उभा होता. त्यानं आपल्या हाताच्या लांबीएवढी एक काठी तोडून घेतली होती. हात ताठ पुढं करून, काठी उभी धरून, झाड काठीमागं बरोबर झाकेपर्यंत तो मागं मागं गेला होता. मोबाईलवर कुणीतरी दाखवलेली ही रीत. जिथं झाड काठीएवढं दिसतं, तिथून बुंध्यापर्यंतचं अंतर म्हणजे झाडाची उंची. त्यानं ते अंतर पावलांनी चालून बघितलं, मग झाडापासून कुशाबाईच्या भिंतीपर्यंतही चालला, आणि बापाजवळ येऊन हळूच म्हणाला,

"दादा, मला वाटतं पोचत न्हाई. लई अलीकडं ऱ्हातंय. काठीनं बघितलं म्या."

तो हळूच बोलला होता, पण संपत जवळच होता. त्यानं ऐकलं आणि हौशीरामकडं बघितलं. एवढं पुरलं.

"काठी?" हौशीरामचा आवाज चढला. "काठीनं गुरं हाकत्यात. ह्या डोळ्यांनी निम्मा तालुका मोजलाय म्या. माझ्या मापावर तू खाऊन पिऊन एवढा झालास, आन् आता मला काठी दाखिवतो?"

"तसं न्हवं दादा, पर आपुन पुन्यांदा—"

"पुन्यांदा काय? म्हातारीच्या घरावर झाड घालू? मेली तर तुझी काठी घिऊन जाशील पोलिसात?"

लोक हसले. गोरखनं बापाकडं बघितलं, अगदी क्षणभर, आणि त्याची नजर बापाच्या गुडघ्यांवर येऊन थांबली. मग त्यानं काठी बांधाला टाकली आणि दोर खांद्यावर घेतला.

"चढतो," तो म्हणाला.

खरं तर हौशीरामला हिवाळा सरतासरताच संशय यायला हवा होता. पारगावच्या पुढं एका आंब्याला तो म्हणाला होता, कुंपणाला लागंल, आणि आंबा कुंपणाच्या कितीतरी अलीकडं पडला. तेव्हा तो म्हणाला, वाऱ्यानं दाबला. त्याच्यानंतरचा शेवगाही कमी पडला. शेवगा काय, मऊ लाकूड, असं म्हणून त्यानं तेही झटकलं. झाडं त्याच्या मापापेक्षा आखूड निघत होती आणि प्रत्येक वेळी तो झाडालाच दोष देत होता. कुणी बोललं नाही. झाड रेघेच्या पुढं गेलं तर बोंब होते, अलीकडं राहिलं तर कुणाचं काय बिघडतं?

गोरख दोराचा फास बुंध्याभोवती टाकून चढला. खाली अश्विनी मान वर करून उभी होती, बायडाबाई आरोहीला हाताशी धरून. आदल्या संध्याकाळी वळीव येऊन गेला होता, सालीखाली ओल होती. हौशीराम खालून सांगत होता, "डाव्या अंगानं. डाव्या अंगानं घे. त्या गाठीच्या वर पाय दे." गोरख पहिल्या दुबेळक्यापाशी पोचला, तिथं बसून त्यानं पाणी मागितलं, दोरीनं बाटली वर ओढून घेतली, प्याला, आणि आरोहीकडं बघून हात हलवला. मग फास सोडून वरच्या खोडाला टाकण्यासाठी तो एका फांदीवर उभा राहिला.

फांदी मोडली. आवाज मागाहून आला, असंच सगळ्यांना आठवत राहिलं.

तो पाठीवर पडला. पालापाचोळा उडाला. अश्विनी धावली, आणि जवळ जाऊन त्याला हात लावायला धजली नाही. गोरखचे डोळे उघडे होते. तो म्हणाला, "पाय कुठं हायत माझे?"

मंचरहून पुण्याला नेलं. तिथं तो बरेच दिवस राहिला. डॉक्टरांनी कणा मोडल्याचं सांगितलं, जीव वाचल्याचं सांगितलं, कमरेखालचं काही सांगता येत नाही असंही सांगितलं. अश्विनी त्याच्याजवळ राहिली. हौशीराम वऱ्हांड्यात बसायचा. बाकावर बसलं की उठताना त्याला भिंतीकडेच्या पाइपला धरावं लागायचं, आणि कुणी बघत नाही ना, हे तो त्या तसल्या जागीही बघायचा. माणसाची मोठी गंमत आहे. पोरगा आत पाय हरवून पडलेला, आणि बापाला आपल्या कमरेची लाज.

गोरखला घरी आणलं तेव्हा पावसाळा अजून लागला नव्हता. पडवीत बाज टाकली. अश्विनी त्याला पुसायची, लघवीची पिशवी बदलायची, ठरल्या वेळी कुशीवर करायची, नाहीतर पाठीला जखमा होतात असं दवाखान्यात शिकवलं होतं. लोक भेटायला यायचे. येणारा प्रत्येकजण म्हणायचा, "देवाची करणी," आणि चहा पिऊन जायचा. हौशीराम उशाशी बसून प्रत्येकाला सांगायचा, "शेंडा काढल्याबिगर इलाजच नव्हता. म्हातारीचं घर जात व्हतं." गोरख ते ऐकायचा आणि आढ्याकडं बघत राहायचा. बापाचं म्हणणं त्यानं कधी खोडलं नाही. त्याला दुजोराही दिला नाही.

ती नीलगिरी तशीच उभी होती. त्या झाडाला हात लावायला कुणी तयार होईना. संपतनं मंचरची माणसं आणून बघितली, ती गोरखचं ऐकून परत गेली. कुशाबाईनं आपली शेरडं आणि वाकळ घेऊन देवळात मुक्काम हलवला.

मग एका दुपारी वारं सुटलं. महाळुंग्यात पत्रे वाजले, पडवीत धुळीचा लोट आला, अश्विनीनं गोरखच्या तोंडावर पदर धरला. वारं थांबलं तसा संपतचा फोन वाजला.

"हौशीरामभाऊ, पडली. मुळासकट पडली. कुशाबाईकडंच पडली."

"घर?" हौशीरामनं विचारलं.

"घर हाय. तुमी याच एकदा."

हौशीराम गेला. एका ओळखीच्या पोराच्या मोटारसायकलवर मागं बसून, प्रत्येक खड्ड्याला दात आवळत. वाटभर त्याला वाटत होतं, पाल्यानं कौलं फुटली असतील, एखादा वासा मोडला असेल. खरं सांगायचं तर तसं झालेलं असलं तर बरं, असंच त्याला वाटत होतं. ते वाटलं आणि त्यानं मनात देवाला हात जोडले.

नीलगिरी वावरात आडवी पडली होती. मुळांचा गड्डा उभा राहिला होता, त्यातून ओली माती गळत होती. औषधासारखा उग्र वास सगळीकडं दरवळत होता. हौशीराम बुंध्यापासून चालत निघाला. दुबेळकं आलं. मोडलेल्या फांदीचा पांढरा खुंट आला. तिथं तो थांबला नाही. फांद्या बारीक होत गेल्या, पाला दाट होत गेला, आणि शेंडा संपला. पुढं मोकळं वावर होतं. बैलगाडी जुंपून वळवून घेतली असती, एवढं मोकळं वावर, आणि मग कुशाबाईची भिंत. भिंतीच्या मागं बोळ. बोळाच्या मागं गोठा, आणि तिथं त्याचा धोंडा.

कुशाबाई देवळातून परत आली होती. भिंतीवरून हात फिरवत होती.

"देवानं घर राखलं बगा," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात कसलाही आडपडदा नव्हता. "तुमी तर माज्या शेरडाच्या गोठ्यापत्तूर सांगितलं व्हतं. कुठं गोठा आन् कुठं ही."

संपत खाली बघत उभा राहिला. हौशीराम मागं फिरला. तो शेंड्यापाशी उभा राहिला, संपतच्या घराकडं त्यानं पाठ केली, पाय फाकले आणि वाकला. हात गुडघ्यांवर आले. त्यानं ते खाली रेटायचा प्रयत्न केला. घोटे आले नाहीत. पायांच्या फटीतून त्याला संपतच्या घराची पायरी दिसली, दार दिसलं. स्लॅबची कडाही दिसली नाही. एवढ्या अंतरावरून पूर्वी त्याला त्या घरावरचं आभाळ दिसलं असतं.

तेव्हा त्याला कळलं. माणूस जितका कमी वाकेल तितका शेंडा दिसायला झाडापासून लांब जातो, आणि तितकं झाड उंच होतं. झाडं आखूड पडत नव्हती. वारा दाबत नव्हता. माघापासून त्यानं मोजलेली सगळी झाडं त्याच्या आखडलेल्या पाठीनं वाढवलेली होती, आणि त्यातलं एक झाड त्याच्या पोराला चढायला लावलं होतं.

सरळ होताना त्याला संपतनं हात दिला. तो त्यानं घेतला.

घरी आला तेव्हा बायडाबाई चुलीपुढं होती, अश्विनी आरोहीला घेऊन नळावर पाण्याला गेली होती. गोरख पडवीत बाजेवर उताणा होता. हौशीराम उशाशी उभा राहिला. त्याला वाटलं, हा आता विचारील. कुठवर पडलं, एवढंच तर विचारायचं. गोरखनं विचारलं नाही. बाहेर शेजारच्यांची म्हैस रेकत होती.

"पोचलं न्हाई," हौशीराम म्हणाला.

"म्हाईत हाय."

"संपतनं फोन केला व्हता?"

"न्हाई." गोरख आढ्याकडंच बघत होता. "त्याच दिवशी म्हाईत व्हतं. काठीनं दोन डाव बघितलं व्हतं म्या."

हौशीरामनं पडवीचा खांब धरला. "मग चढलास कशाला? बोलला का न्हाईस, लेकरा?"

"बोललो व्हतो. तुमी गप बसिवलं."

"पुन्हा बोलायचं. भांडायचं माझ्यासंगं. दोर टाकून घरी जायचं."

गोरखनं ओठांवरून जीभ फिरवली. "तुमचं हात गुडघ्यावं व्हतं, दादा. पयलं तुमी घोटं धरायचा. मी तवाच बघितलं. म्हणलं, आता हितं चार माणसांत जादा बोललो, तर सगळ्यांना कळंल, आन् मग तुमाला कुणी झाड दाखवायला बोलवायचं न्हाई. मी तर रोजच चढतो. एक झाड जास्तीचं चढल्यानं काय बिघडतंय, म्हणलं."

त्याच्या आवाजात राग असता तर हौशीरामला बरं वाटलं असतं. राग नव्हता. तो दमलेला होता.

"कुशीवर करा मला," गोरख म्हणाला. "अश्विनी यायला येळ लागंल. पाठ लई तापलीय."

बाज बुटकी होती. हौशीराम वाकला. कंबर अर्ध्यावर अडली, हात पोराच्या खांद्यापर्यंत पोचेनात. त्यानं पुन्हा रेटा दिला, तोंडातून आवाज निघाला, तो त्यानं गिळला. मग त्यानं बाजेची कड धरली आणि एक एक करून दोन्ही गुडघे भुईला टेकले. एक हात पोराच्या पाठीखाली घातला, एक त्या निर्जीव मांडीखाली. पाय फार हलके झाले होते. त्यानं छाती लावून गोरखला भिंतीकडं वळवलं, पाठीमागं उशी लावली, आणि सदरा वर करून घामेजलेली पाठ पंच्यानं पुसली. मधोमध टाक्यांची लांब रेघ होती. तिच्यावरून पंचा फिरवताना त्याचा हात थांबला.

पुसून झालं. हौशीरामनं उठण्यासाठी बाजेला जोर दिला. उठता आलं नाही. पुन्हा दिला. बाज करकरली. तो तसाच गुडघ्यांवर राहिला, पोराच्या पाठीमागं, श्वास दाबून, आवाज होऊ नये म्हणून.

"दादा," गोरख भिंतीकडं तोंड करूनच म्हणाला, "उठता यीना का?"

आत बायडाबाईचा भाकरी थापायचा आवाज थांबला.

"न्हाई," हौशीराम म्हणाला. "उठताबी येत न्हाई आन् वाकताबी येत न्हाई. माघापास्नं."